महिने कुठून मोजायचे

आमच्या घरात महिने मोजायचं काम आत्यांकडे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मनुबाई. कुणाची म्हैस कधी विणार, भावकीतली कोणती सून कितव्यात आहे, कुणाच्या लेकीला माहेरी आणायची वेळ झाली, सगळं त्यांच्या बोटांच्या पेरांवर. अंगठा करंगळीच्या पेराला टेकला की समजायचं, हिशेब सुरू झाला, आता मध्ये तोंड घालायचं नाही. मला या घरात येऊन पंधरा वर्षं झाली. साताऱ्यात माझं स्वतःचं पार्लर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. भल्याभल्या बायकांना मी हनुवटी धरून गप्प बसवते. पण त्या अंगठ्यापुढे माझं कधी चाललं नाही.

माझी दोन्ही पोरं त्यांच्या हिशेबाच्या आधीच आली. नववा लागला न लागला तोच. 'राजनंदिनीला घाईच लय,' असं त्या अजूनही पाहुण्यांना सांगतात. दोन्ही पोरं चांगली तीन-तीन किलोची होती, मग घाई कसली, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पडायला हवा होता, पण बाळंतिणीला प्रश्न पडायला वेळ कुठला.

आत्या एका महिन्याला मात्र फार भ्यायच्या. आठव्याला. त्यांचं पहिलं मूल आठव्यात गेलं होतं. तेव्हा घर म्हसवडच्या पलीकडे वस्तीवर. कळा सुरू झाल्या, शेवटी बैलगाडीत घालून म्हसवडला न्यायला निघाले आणि वाटेतच पोर गेलं. मुलगा होता. गाडीच्या हिसक्यानं गेला, असं आत्या सांगायच्या. बाळंतपणातून उठल्यावर त्यांनी ती गाडी अंगणात उभी राहून मोडायला लावली आणि तिचं लाकूड वर्षभर चुलीत घातलं. सासरे तेव्हा फौजेत होते. सुट्टीवर आले तर गोठ्यापुढे नुसते बैल. त्यानंतर आमच्या घरात आठव्या महिन्यात, तपासणी सोडली तर, कुठल्याच बाईनं उंबऱ्याबाहेर पाय टाकलेला नाही. गाडीत बसायचं तर नावच काढायचं नाही, मग ती बैलाची असो नाहीतर पेट्रोलची.

अशा घरात संयोगिता आली. माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची, जयराजची बायको. माहेर सांगलीचं. लग्नाआधी तिथे एका पतसंस्थेत काउंटरला होती. दीर फौजेत, पोस्टिंग पंजाबात. पोरगी बोलायला मऊ, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की शिरली. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. आत्यांनी दुसऱ्या दिवशी त्या सोलून काढल्या. 'डाळीला ठावं हाय ती डाळ हाय,' म्हणाल्या. संयूनं काही न बोलता पुन्हा लावल्या. त्या आजही आहेत.

गेल्या मार्गशीर्षात जयराज सुट्टीवर आला होता, म्हणून आम्ही सगळे म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेलो. भाड्याची गाडी केली होती. गाव आलं, गुलालाचा वास यायला लागला आणि संयूनं माझ्या कानात सांगितलं, 'ताई, मी बाहेरची झाले.' आत्यांना सांगावं लागलंच. 'ऱ्हा मग गाडीतच. काच लाव,' एवढंच त्या बोलल्या. नव्या नवरीसारखी नटून आलेली पोरगी रथ जाईपर्यंत गाडीत एकटी बसली. मी तिच्यासाठी गोडी शेव घेऊन आले. पुडी हातात घेऊन ती म्हणाली, 'हा दिवस काही मी विसरत नाही बघा ताई.' तिला वाईट वाटलं होतं आणि मलाही. पण तेव्हा कुणाला माहीत, हाच दिवस पुढे लागणार आहे.

सुट्टी संपवून दीर गेला आणि पुढच्या महिन्यात संयूला पाळी आली नाही. चाचणी माझ्या पार्लरच्या बाथरूममध्येच केली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून तारीख दिली, गणपतीतली. आत्यांनी अंगठा पेराला लावला, पाळी चुकली तिथून महिने धरले, आणि सांगितलं, दसरा.

'पण डॉक्टर म्हणाल्यात...' संयू म्हणाली.

'डाक्टर लोकं अलीकडचीच तारीख देत्यात. म्हंजे तारीख उलटली म्हणून शिजर कराय मोकळं. मला शिकवू नगंस. नऊ म्हैने नऊ दिस. देवानं घातलेला हिशेब हाय.'

खरं सांगायचं तर मलाही ते निम्मं पटलं. हल्ली कुणाचं बाळंतपण पोट न फाडता होतं? माझ्या गिऱ्हाइकांत तर दर दोघींत एकीचं टाक्याचंच असतं.

समीना मॅडम माझ्याकडे भुवया करायला येतात. शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट आहेत. पोवई नाक्याच्या पुढे एका बेकरीच्या वर त्यांची जागा आहे. तिथे शनिवारी दुपारी त्या पोटुशी बायकांचा वर्ग घेतात. श्वास कसा घ्यायचा, कळा कशा ओळखायच्या, कधी थांबायचं, कधी धावायचं, सगळं शिकवतात. एकदा त्या माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि संयू टॉवेलांच्या घड्या घालत होती. भुवईवर दोरा चालू असतानाच त्या म्हणाल्या, 'सहावा सरला की ये. निवांत शिकवते. शेवटी शेवटी आलीस तर शिकलेलं अंगात उतरत नाही.'

संयूच्या डोक्यात ते शिरलं. मी वर सांगितलंच, शिरलं की शिरलं. तिची सांगलीतली मैत्रीण बाळंत होताना इतकी घाबरली की टेबलावरून उतरायला लागली होती. सिस्टरांनी तिला दोन्ही हातांना धरून ओरडून गप्प केलं. संयूला ते ऐकल्यापासून झोपेत घाम फुटायचा. 'मला दुखण्याची भीती नाही ताई,' ती मला म्हणाली. 'काय होतंय ते कळत नसताना दुखण्याची भीती आहे. कुणीतरी आधी सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे.'

जेवताना तिनं विषय काढला. आत्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला.

'बाळंत व्हयाचा क्लास? आवं सुभेदार, ऐकलं का? परीक्षा बी घेत असत्याल.'

सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सरहद्दीवर त्यांनी काय काय केलं त्याच्या गोष्टी गावभर सांगतात. घरात मात्र त्यांचा मोर्चा कधी आत्यांच्या विरुद्ध निघाला नाही. त्यांनी आमटी ओरपली आणि पेपर ओढला.

'सहावा सरला की बोलावलंय,' संयू म्हणाली.

'सहावा? आत्ता कुठं पाचवा सरलाय.'

'डॉक्टरांच्या हिशेबानं सहावा सरला, आत्या.'

अंगठा पेरावर आला.  मोजून झाल्यावर आत्या म्हणाल्या, 'पाचवाच. सातवा लागू दे, मग बघू. आत्ताच गावभर बोभाटा नगं. दिष्ट लागती.'

सातवा लागला तर आषाढ आला. आखाडात नवीन काही सुरू करायचं नसतं, म्हणून थांबायचं. जयराजला फोन लावला तर तो तिकडून म्हणाला, 'आई म्हणतीय तसं कर की. मी तुला व्हिडिओ पाठवतो.' त्यानं एक व्हिडिओ पाठवलाही. त्यात एक गोरी बाई मोठ्या फुग्यावर बसून उड्या मारत होती. संयू तो बघून रडली. मला दिराचा इतका राग आला की सांगता सोय नाही. बंदूक चालवायला याला नऊ-नऊ महिने शिकवतात, तेव्हा नाही म्हणत हा, आई म्हणतीय तसं.

श्रावण लागला तसं डोहाळजेवण झालं. सांगलीहून तिची आई आली, भाऊ आला. भावानं सांगलीतच एक वर्ग बघून ठेवला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा तिथेच शिकेल, असं दोन्ही घरांनी जेवणाच्या पंगतीत ठरवून टाकलं. संयूला कुणी विचारलं नाही. तिची आई निघताना म्हणाली, 'आजच घेऊन जाऊ का?' तर आत्यांनी हातच आडवा घातला. आठवा लागला होता. आठवा सरून वर नऊ दिवस होईपर्यंत गाडीत बसायचं नाही, तोवर आत्यांच्या लेखी आठवाच. गौरी गेल्या की न्या.

डॉक्टरांच्या हिशेबानं तो नववा होता.

त्या संध्याकाळी संयू हातातल्या हिरव्या बांगड्या मागेपुढे करत माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसली. आरशात बघून म्हणाली, 'ताई, मी सांगलीला पोचायच्या आधीच बाळंत होणार. मला सातारचाही क्लास नाही आणि सांगलीचाही नाही.' मी तिला वेडी म्हणाले. पण मग आरशात मलाच माझं तोंड दिसलं आणि ते घाबरलेलं होतं.

आता करायचं काय? तपासणीला मात्र आत्या जाऊ द्यायच्या, तेही पायी, सावकाश, माझ्या दंडाला धरून. दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच होता. पुढच्या तपासणीचा वार मी मुद्दाम शनिवार घेतला. दवाखान्यातून बाहेर पडलो, रिक्षाला हात केला आणि सरळ बेकरीच्या वर. जिना चढताना संयू दोनदा थांबली. चोरी करताना माणसाला जेवढा आनंद होतो तेवढा तिच्या तोंडावर होता.

आत सतरंजीवर पाच-सहा जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समीना मॅडमनी तिच्या पोटाकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. 'एवढ्या उशिरा? शेवटची पाळी कधीची?'

'सिद्धनाथाच्या रथाची,' संयू म्हणाली.

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. 'इतकी पक्की तारीख मला आजवर कुणी दिली नाही,' म्हणाल्या. मग त्यांचं हसू गेलं. 'आता श्वास शिकवायला वेळ थोडा आहे. पण तीन गोष्टी आज घेऊन जायच्या. चालून, बसून, कूस बदलूनही कळा थांबत नसतील आणि जवळजवळ येत असतील तर त्या खोट्या नाहीत. पाणी गेलं तर कळा असोत नसोत, घरी थांबायचं नाही. आणि पाण्याचा रंग बघायचा. हिरवट दिसलं तर बाळ आत त्रासात असू शकतं. मग देवाला नमस्कार करायलासुद्धा थांबायचं नाही.'

संयूनं त्या तिन्ही गोष्टी शब्द न् शब्द म्हणून दाखवल्या. मीही मनात म्हटल्या. दोन बाळंतपणं झालेली बाई मी, आणि यातलं मला एकही ठाऊक नव्हतं. माझं नशीब बरं होतं, दुसरं काय.

साताऱ्यात काही लपून राहतं का? आम्ही घरी पोचायच्या आत अंबूबाई पोचली होती. अंबूबाई म्हणजे आमची शेजारीण, दुसऱ्यांच्या घरातल्या बातम्या त्यांच्याच घरात पोचवणारी. आत्या ओसरीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. झाला नाही. तो झाला असता तर बरं.

'आठव्यात गाडीत बसलीस,' त्या संयूला म्हणाल्या. 'जिना चढलीस.'

'आत्या, रिक्षा होती. अगदी हळू...'

'माझी बी हळूच हाकली व्हती गाडी.' एवढं बोलून त्यांनी मांडीवरून हात फिरवला. 'मांडीवर घिऊन बसले व्हते मी त्याला. बारकी बारकी नखं व्हती. तुमाला काय वाटतं, म्हातारी अडाणी हाय म्हणून आडवी येती?'

त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही चहावरच. शेवटी संयू त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि तिनं शब्द दिला, गौरी जाईपर्यंत उंबरा ओलांडणार नाही. मला तिचा राग आला आणि दयाही आली. चांगुलपणाचा एवढा भुर्दंड देवानं कुणाला लावू नये.

गणपती बसले, गौरी आल्या. पूजनाच्या दिवशी मी पहाटेच पुरणाला लागले. संयू खोबरं खवत होती. मध्येच तिचा हात थांबायचा, डोळे भिंतीवरच्या एका ठिकाणी लागायचे, ओठ थोडे उघडायचे आणि लांब श्वास बाहेर पडायचा. मग पुन्हा खवणी सुरू. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा विचारलं.

'पहाटेपासून आहे ताई. चालून बघितलं, निजून बघितलं. थांबत नाही.'

'आत्यांना सांगितलंस?'

'सांगितलं. खोट्या कळा म्हणाल्या. आठव्यात येतात म्हणाल्या.'

मी दवाखान्यात फोन लावला. लगेच घेऊन या म्हणाले. पण आत्या तिला उंबरा ओलांडू देईनात, आणि माझे मालक, उदयसिंह, एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेले होते, त्यांचा फोन लागेना. दुपारी नैवेद्य दाखवायची वेळ झाली. हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या. संयू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं खाली बघितलं आणि अगदी हळू हाक मारली, 'ताई.'

परकर भिजला होता. फरशीवर पाणी होतं. मी वाकून पदरानं टिपलं आणि पदर उजेडाला धरला. पिवळटही नाही, पांढराही नाही. हिरवट. पालक धुतलेलं पाणी असतं तसं.

 मी ओरडले, 'रिक्षा बोलवा कुणीतरी!'

आत्या गौरीपुढून उठल्या. त्यांनी फरशीकडे बघितलं, माझ्या पदराकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. मला वाटलं त्यांना कळलं. त्यांना कळलंच होतं, पण वेगळं. त्यांनी संयूला दंडाला धरून आतल्या खाटेवर निजवलं, तिचे पाय उचलून उशीवर ठेवले आणि खाटेच्या पायाखाली विटा सरकवायला अंबूबाईला हाक मारली.

'हलवायचं न्हाई हिला. पाय वर ठिवा. आठव्यातलं पोर हाय, कळा थांबत्याल. गाडीत घातली का गेलंच म्हणून समजा.'

'आत्या, पाणी हिरवं आहे! समीना मॅडम म्हणाल्यात...'

'मी हात जोडते नंदा. गाडीत घालू नगा.' आणि त्या खरोखर हात जोडून दारात उभ्या राहिल्या. साठी उलटलेली बाई, अंगावर पूजेचं लुगडं, कपाळाला मळवट. त्यांना ढकलून जायचं म्हटलं तर मी जाऊ शकले असते.  पण त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मलाच क्षणभर वाटलं, त्यांचं खरं असलं तर? रस्त्यात काही झालं तर? मामा बाहेरच्या खोलीत उभे होते. बायकांच्या घोळक्यात शिरावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

एक कळ आली. संयूनं खाटेचा कठडा धरला. ती ओरडली नाही. तो लांब श्वास सोडला, पूर्ण सोडला, आणि कळ ओसरल्यावर कोपरावर उठून बसली. आणि मग ती बोलली. सासऱ्यांना ऐकू जाईल, अंबूबाईला ऐकू जाईल, गौरीपुढे हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बसलेल्या साऱ्या बायकांना ऐकू जाईल, अशा आवाजात.

'आत्या, रथाच्या दिवशी मी बाहेरची होते. तुम्हीच मला गाडीत बसवलं होतंत. काच लाव म्हणाला होतात. माझी शेवटची पाळी ती. पाळी चुकली तिथून मोजू नका. त्या दिवसापासून मोजा.'

 असलं काही पुरुषांच्या कानावर घालायची आमच्यात रीत नाही. मामांनी मान खाली घातली. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला.

आत्यांचे जोडलेले हात सुटले. अंगठा आपोआप करंगळीवर गेला.

'रथ म्हंजी मार्गशीर्षाचा पाडवा,' त्या पुटपुटल्या. 'तिथनं पौषाचा पाडवा, येक. माघाचा. फाल्गुनाचा...' पेरामागून पेर. चैत्र, वैशाख, जेठ, आखाड, श्रावण. मी मध्ये बोलले नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला तो अंगठा भराभर पुढे जावा असं वाटत होतं. 'भादव्याचा पाडवा. नऊ.' त्या थांबल्या. 'आन आज नवमी.'

नऊ महिने नऊ दिवस. त्यांचाच हिशेब. एक पेरही इकडे तिकडे नाही.

त्यांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग एकदम बाजूला झाल्या. 'सुभेदार! आवं बघत काय ऱ्हायलाय? रिक्षा आणा!'

मामा चप्पल न घालता पळाले.

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, पण तिथे नुसती तपासणी व्हायची. बाळंतपणाचं हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये प्रत्येक चौकात मंडप. एका ठिकाणी रस्ता अर्धा बंद, पुढे ढोलपथकाची तालीम, मागे एसटी हॉर्न मारतेय. मामा पुढे ड्रायव्हरजवळ अर्धे बाहेर लटकून 'बाजू! बाजू!' करून ओरडत होते. मागे आम्ही तिघी. संयूचं डोकं माझ्या खांद्यावर, पाय आत्यांच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला आत्या डोळे मिटून घ्यायच्या आणि तिचे पाय घट्ट धरायच्या. आठव्यातल्या बाईला कधी गाडीत बसू न देणारी ती बाई, पण तिनं ड्रायव्हरला एकदाही हळू म्हटलं नाही. 'जोरात घे रं लेकरा,' म्हणाली. 'जोरात घे.'

हॉस्पिटलात ठोके बघितले आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळाचे ठोके कमी होतायत, ताबडतोब सीझर करावं लागेल, घरच्यांची सही हवी. मी आत्यांकडे बघितलं. सात महिने ज्या शब्दावरून त्यांनी सगळ्या डॉक्टर लोकांना शिव्या घातल्या तो शब्द समोर उभा होता.

'करा,' आत्या म्हणाल्या. 'थांबू नगासा.'

संयूला आत नेताना तिनं माझा हात दाबला. 'ताई, मला कळतंय काय चाललंय,' म्हणाली. घाबरली होती, पण टेबलावरून उतरणाऱ्यांतली ती नव्हती. बेकरीवरच्या त्या एका दुपारनं तिला एवढं दिलं होतं. सगळे शनिवार मिळाले असते तर, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं.

दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. मामा भिंतीला टेकून उभे, अनवाणी. आत कुणीतरी भराभर चालत होतं. मुलाचा आवाज येईना. एक नर्स बाहेर आली, पळतच दुसऱ्या खोलीत गेली, आणखी एका डॉक्टरला घेऊन परत आत गेली. मी विचारलं तर थांबा म्हणाली.  आत्यांची नजर त्या दारावर होती आणि हात मांडीवर उताणा पडला होता.

मग रडू आलं. आधी मांजरीच्या पिल्लासारखं, चिरकं, तुटक. आणि मग दणदणीत. मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नर्स दारातून म्हणाली, 'मुलगी आहे. घाण पाणी छातीत जात होतं, काढलंय. काचेत ठेवतोय आज, पण बरी आहे. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.'

मी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. जयराजला फोन लावायला उठले, तर बघते, आत्यांचा अंगठा पुन्हा पेरांवर फिरत होता.

'आत्या, आता काय मोजताय? झालं की सगळं.'

त्यांनी अंगठा थांबवला नाही. मोजून संपवलं. पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. ओठ हलत होते, पौष, माघ, फाल्गुन. आश्विनापाशी येऊन अंगठा थांबला.

'माझी पैली संक्रात,' त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. 'लगीन झाल्यावरची. समद्या सवाशिणी वाण घिऊन देवळात गेल्या आन मी गोठ्यात बसले व्हते, भाईरची म्हणून. लय रडले व्हते. म्हणून ध्यानात हाय. त्याच्याफुडं पाळी आली न्हाई. आन दसऱ्याला कळा आल्या.'



'सासू म्हणाली, आठवा हाय. पाय वर करून निजवली मला दोन दिस. हालू दिली न्हाई. मग गाडीत घातली.' त्यांनी अंगठा त्या पेरावर तसाच दाबून धरला होता. 'नऊ भरत्यात गं, नंदा. नऊ भरले व्हते त्येचं.'

आतून नर्सनं विचारलं, आजी कोण, बाळ बघायला या. आत्या उठल्या, पण दारापाशी जाऊन थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'बाभळीची चांगली गाडी व्हती. उगंच जाळली मी.'